पेलेटची चूल का पेटत नाही?

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे चूल. क्लाउड नाही, स्टार्टअप नाही, चूल. तीही साधीसुधी नाही. पोटात पंखा आणि बॅटरी असलेली, आणि शेतातला काडीकचरा दाबून केलेल्या कांड्यांवर चालणारी. या कांड्यांना पेलेट म्हणतात. ज्यांनी गुरांसाठी आणलेली सुग्रास बघितली आहे त्यांच्या डोळ्यांसमोर लगेच येईल: करंगळीहून बारीक, इंच-दीड इंच लांब, तपकिरी, कडक. ज्यांनी नाही बघितली त्यांनी हॅम्स्टरचं खाद्य आठवावं :)

२००६ पासूनच्या चार-पाच वर्षांत अशा सुमारे चार लाख चुली आपल्या देशात विकल्या गेल्या. महाराष्ट्र, कर्नाटक आणि तामिळनाडू ही त्यातली मुख्य राज्यं. सरकारी योजनेत फुकट वाटलेल्या नाहीत, लोकांनी खिशातले पैसे घालून घेतलेल्या. आणि आज? पेटणारी एखादी शोधायला निघालात तर आधी भंगारवाल्याकडे चौकशी करावी लागेल. चार लाख युजर असलेलं प्रॉडक्ट असं कसं विझतं, हा प्रश्न मला गेली दोन वर्षं छळतोय. आमच्या धंद्यात याला रूट कॉज शोधणं म्हणतात. त्यासाठी आधी यंत्र समजायला हवं.

साध्या चुलीत लाकूड धूर का करतं? लाकूड तापलं की त्यातून जळाऊ वायू बाहेर पडतात. त्यांना वेळेवर पुरेशी हवा आणि पुरेशी उष्णता मिळाली तर ते जळतात, ज्योत दिसते. नाही मिळाली तर तेच वायू न जळता बाहेर पडतात आणि त्यालाच आपण धूर म्हणतो. म्हणजे धूर हे वाया गेलेलं जळण आहे. पेलेटच्या चुलीत हेच नेटकं केलेलं असतं. एक डबा असतो, त्यात पेलेट भरायचे आणि वरून पेटवायचे, खालून नाही. खालचा पंखा थोडी हवा जाळीतून वर ढकलतो, तिच्यावर पेलेटचा वायू होतो. उरलेली हवा डब्याच्या वरच्या कडेला असलेल्या बारीक भोकांतून आत येते आणि तो वायू तिथेच जाळून टाकते. ज्योत जवळजवळ गॅससारखी. सहाशे ग्रॅम पेलेटवर साधारण तासभर स्वयंपाक होतो, धूर नावाला. खाली कोळसा उरतो, तोही शेवटी लाल होऊन जळतो.

वरून पेटवायची ही युक्ती १९८५ च्या सुमारास अमेरिकेत टॉमस रीड यांना सुचली. पॉल वेंडेलबो नावाचे नॉर्वेचे गृहस्थ युगांडात स्वतंत्रपणे तिथेच पोचले. पेलेटच्या घरगुती शेगडीचा जनक मात्र तिसराच: जेरी व्हिटफील्ड, बोइंगमधला विमानांचा इंजिनिअर. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर, १९८० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात त्यानं अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात खोली तापवायची पेलेटची शेगडी बनवली. ती आपोआप चालते. स्क्रू फिरतो, पेलेट थोडे थोडे आत पडतात, विजेची कांडी त्यांना पेटवते. सुरू होत नसेल तर स्क्रू अडकलाय का, पेटवणारी कांडी जळालीय का, राखेनं भांडं तुंबलंय का, दाराची पट्टी सैल होऊन हवेचा दाब जातोय का, हे बघायचं. आणि पेलेट दमट आहेत का, हेही.

भारतातल्या चुलीचा मेंदू बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधला. तिथे प्रा. मुकुंदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ज्वलनावर काम करणारी प्रयोगशाळा आहे, तिच्या नावात गॅसिफिकेशनही आहे आणि प्रोपल्शनही. थोडक्यात, अग्निबाण आणि चूल एकाच छपराखाली. अमेरिकेत विमानवाला, आपल्याकडे रॉकेटवाले. स्वयंपाकघरातल्या बाईला दोन्हीकडे कोणी विचारलं होतं का, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. गंमत म्हणजे आपल्याकडे विचारलं होतं.

२००४ मध्ये सी. के. प्रल्हाद यांचं पिरॅमिडच्या तळाशी असलेल्या संपत्तीबद्दलचं पुस्तक आलं होतं. गरीब माणूस हा दयेचा विषय नसून ग्राहक आहे, हे वारं मोठ्या कंपन्यांत जोरात वाहत होतं. बीपी ही बलाढ्य ब्रिटिश तेल कंपनी त्याच वाऱ्यात भारतातल्या खेड्यांत आली. गावांत चुलीशेजारी बसून बायकांशी बोलणं झालं. आपल्याकडे स्वयं शिक्षण प्रयोग ही संस्था बरोबर होती, प्रेमा गोपालन यांनी उभी केलेली, लातूर-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागात भूकंपानंतर बायकांबरोबर काम करून मुरलेली. गावोगावी चूल आणि पेलेट विकणाऱ्या बायका तयार झाल्या, त्यांना ज्योती म्हणायचे. चुलीचं नाव ऊर्जा. रूप स्टीलचं, चकचकीत. दारात ठेवली तर शेजारीण विचारेल अशी. कंपनी पुण्यात होती, फर्स्ट एनर्जी नावाची.

इथपर्यंतची गोष्ट एमबीएच्या केस स्टडीसारखी आहे. आता फुलसावंगीला जाऊ.

फुलसावंगी म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातलं मोठं गाव. माझी मोठी मावशी तिथे असते. तुमच्यापैकी काहींनी हे नाव २०२१ च्या ऑगस्टमध्ये बातम्यांत ऐकलं असेल. आठवीपर्यंत शिकलेल्या, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका तरुणानं तिथे स्वतःच्या हातानं हेलिकॉप्टर बनवलं आणि चाचणीच्या रात्री पातं तुटून त्याचा जीव गेला. तेव्हा ऑफिसातल्या ग्रुपवर काही जण त्यावर विनोद करत होते, मला ते मुळीच आवडलं नाही. गाव यंत्राला भीत नाही, एवढंच मला त्या बातमीतून कळलं होतं. हे पुढे कामाला येणार आहे म्हणून सांगून ठेवतो.

मावशीकडे माळ्यावर पेलेटची एक चूल आहे. मी शाळेत होतो तेव्हा घेतलेली. त्या काळात असल्या चुली दोन-चार जणांनी काढल्या होत्या, ही नेमकी कुणाची ते सांगता येणार नाही, लेबल केव्हाच गेलंय. गेल्या दिवाळीत मी ती खाली उतरवली आणि मांडी घालून बसलो. क्रम नेहमीचाच: पॉवर, मग हवा, मग इंधन. बॅटरी मेलेली होती. रिचार्जेबल बॅटरी इतकी वर्षं पडून राहिल्यावर दुसरं काय होणार. ती काढून मोबाइलच्या जुन्या चार्जरची वायर जोडली. पंखा फक्त गुणगुणला, फिरेना. उघडला तर पात्यांच्या मधोमध कुंभारीण माशीनं मातीचं घर बांधलेलं! शब्दशः बग. घर काढलं, पण बुश झिजलेली. पंखा घेऊन मोटार बाइंडिंगच्या दुकानात गेलो. दुकानदारानं तो दोन बोटांत धरून फिरवला, नाक मुरडलं, आणि वीस मिनिटांत दुसरी बुश बसवून दिली. पैसे किती, तर ‘ऱ्हाऊ द्या’. डब्याच्या कडेची भोकं राखेनं गच्च होती, ती मावशीच्या गोधडीच्या दाभणानं एकेक करून मोकळी केली.

पंखा सुरू, हवा सुरू. म्हटलं, आता पेलेट दे.

मावशी शांतपणे म्हणाली, ‘चूल कुठी बिघडली होती रे? गोळ्याच येनं बंद झाल्या ना बाप्पा.’

माळ्यावर अर्धं पोतं उरलं होतं. तोंड सोडलं तर आत भुसा. पेलेट पाणी पितो. दहा टक्क्यांच्या आत ओलावा असेल तोवर ठीक, त्यानंतर फुगतो, भुगा होतो. डब्यात भुगा भरला तर जाळीतून हवा वर येतच नाही. विदर्भातले पंधरा-सोळा पावसाळे पत्र्याखाली काढल्यावर दुसरी अपेक्षाही नव्हती.

मग मी पऱ्हाटी तोडून बघितली. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उभं राहिलेलं वाळलेलं झाड. यवतमाळ कापसाचा जिल्हा, हेक्टरी दोन-तीन टन पऱ्हाटी निघते, बांधावर ढीग असतात. तिचे पेरभर तुकडे करून डबा भरला, वरून रॉकेलऐवजी कापराची वडी ठेवून पेटवलं. काय सुंदर ज्योत! निळसर, सरळ, फुसफुसणारी. आणि आठ मिनिटांत खलास. नंतर नुसता धूर. कारण सोपं आहे. पेलेट दाबलेला असतो, डब्यात सहाशे ग्रॅम मावतात. तेवढ्याच जागेत सुट्या काड्या दीडशे ग्रॅम बसल्या तर नशीब. शिवाय वरून पेटवायची चूल असल्यामुळे मध्येच भर घालता येत नाही, घातली की ज्योत मोडते. म्हणजे डाळ शिजायच्या आत चार वेळा चूल विझवा, उलटी करा, पुन्हा पेटवा. कोण करणार?

तर बॅटरी, पंखा, भोकं हे सगळे सुटणारे प्रश्न होते. गावातच सुटले. न सुटणारा प्रश्न पोत्यात होता.

आता त्या पोत्याचा इतिहास, आणि माझ्या मते खरी गोष्ट हीच आहे. त्या चुलीच्या धंद्याचं गणित रेझर आणि ब्लेडचं होतं. चूल जवळजवळ खर्चाच्या किमतीत द्यायची, नफा दर महिन्याच्या पेलेटवर. पेलेट बनायचे उसाच्या चिपाडापासून, भुईमुगाच्या टरफलांपासून. सुरुवातीला किलोला पाच रुपयांच्या आसपास भाव होता. हिशोब करून बघा: दिवसाला दोन डबे म्हणजे सव्वा किलोच्या आत, महिन्याला ३६ किलो, १८० रुपये. तेव्हा सबसिडीचा सिलिंडर तीन-साडेतीनशेच्या आसपास होता आणि खेड्यात मिळायची मारामार. म्हणजे चूल परवडत होती. पण पेलेटचा भाव नऊ झाला की तोच महिना ३२४ वर जातो, सिलिंडरच्या बरोबरीला. आणि गॅसला वरून पेटवावं लागत नाही, राख काढावी लागत नाही.

भाव चढतच गेला. चिपाड हे कारखान्याला नकोसं झालेलं ओझं आहे असं पूर्वी समजत. पण साखर कारखाने त्याच चिपाडावर वीज बनवून विकायला लागले होते. डिझेल आणि फर्नेस ऑइल महागलं तसे बाकीच्या कारखान्यांचे बॉयलरही शेतातल्या कचऱ्याकडे वळले. दाबलेल्या कचऱ्याच्या मोठ्या कांड्यांना त्या धंद्यात ‘पांढरा कोळसा’ म्हणतात, नावातच सगळं आलं. मावशीच्या शेजारच्या उमरखेड तालुक्यात पोफाळीला वसंत साखर कारखाना आहे. त्या भागात ऊस आणि चिपाड म्हणजे काय हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. कचऱ्याला गिऱ्हाईक मिळालं की तो कचरा राहत नाही, एवढं अर्थशास्त्र तिथल्या कुठल्याही शेतकऱ्यानं कंपनीला फुकट सांगितलं असतं.

२००९ मध्ये बीपी या धंद्यातून बाहेर पडली. फर्स्ट एनर्जी नव्या मालकांकडे गेली आणि तिचा रोख हळूहळू घरांकडून हॉटेलं आणि कारखान्यांकडे वळला. ते चूकही म्हणता येत नाही. हॉटेलवाला व्यावसायिक सिलिंडरचा पूर्ण भाव मोजत होता, त्याला महाग पेलेटही स्वस्तच पडत होता. घरातल्या बाईची तुलना सबसिडीच्या गॅसशी आणि बांधावरच्या फुकट काडीशी होती. पुढे ही कंपनी पुण्याच्याच थरमॅक्स समूहात गेली. आज ती उद्योगांसाठी सौर आणि पवन ऊर्जेचं काम करते.

२०१४ मध्ये काही संशोधकांनी घरोघर जाऊन केलेली पाहणी छापून आली. ज्यांनी चूल घेतली होती त्यांच्यातलं दहात एखादंच घर ती वापरत होतं. कारणांत पेलेटचा भाव आणि न होणारा पुरवठा ठळक. अजून एक गोष्ट निघाली: चूल घेणाऱ्यांत आधीपासून गॅस असलेली घरं बरीच होती. म्हणजे जिच्या डोळ्यांतलं पाणी बघून हे सगळं सुरू झालं, तिच्यापर्यंत ते नीटसं पोचलंच नव्हतं.

याआधीच्या चुलींचं काय झालं? अगदी शेजारच्या वर्ध्यात, मगनवाडीत, १९३४ पासून गांधीजींचा ग्रामोद्योग संघ होता, कुमारप्पा त्याचे सूत्रधार. तिथली मगन चूल १९४० च्या दशकातली: माती, दोन-तीन भांड्यांची सोय आणि धुराडं. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून २००२ पर्यंत केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला, तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. आपल्याकडे तिला ‘निर्धूर चूल’ म्हणायचे आणि आजीच्या पिढीतल्या बायका हा शब्द किंचित हसून उच्चारतात. टार्गेट पूर्ण करायला बसवलेल्या कित्येक चुली लवकरच फुटल्या, धुराडी तुंबली. तो कार्यक्रम फसला असं सर्रास म्हटलं जातं आणि ते बरंचसं खरंही आहे. पण त्या चुलींत एक गुण होता, जो आमच्या रॉकेटवाल्या चुलीत नव्हता. त्यांत काहीही घातलं तरी चालायचं. पऱ्हाटी, तुराट्या, गोवरी, बाभळीचं लाकूड. आमच्या भाषेत सांगायचं तर वेंडर लॉक-इन नव्हतं.

पुण्याचे डॉ. आनंद कर्वे (हो, इरावतीबाईंचे चिरंजीव) आणि त्यांची ‘आरती’ ही संस्था, यांनी हा मुद्दा दुसऱ्या टोकाकडून पकडला होता. उसाचं पाचट शेतातच जाळून टाकतात, त्याचा कोळसा करायची भट्टी त्यांनी बनवली, अशी की शेतकरी स्वतः चालवेल आणि कांड्याही गावातच होतील. २००२ मध्ये त्यासाठी त्यांना इंग्लंडचा अॅश्डेन पुरस्कार मिळाला. ज्योत रॉकेटवाल्यांइतकी देखणी नसेल, पण पोतं कुठून येणार हा प्रश्न आधी सोडवलेला होता. मला हा क्रम जास्त पटतो.

अमेरिका यातून सुटली असं समजू नका. तिथले पेलेट लाकूड कापायच्या गिरण्यांच्या भुशाचे. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर तेल-गॅस भडकले, लोकांनी धडाधड पेलेटच्या शेगड्या घेतल्या आणि पेलेटच संपले. पण अमेरिकन घरात पर्याय म्हणून दुसरी हीटिंग असते. इथे पर्याय म्हणजे धूर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० मध्ये घरातल्या धुरानं जगात ३२ लाख माणसं गेली.

मग गॅस आला, हे मान्यच करायला हवं. २०१६ मध्ये उज्ज्वला सुरू झाली, आठ कोटींवं कनेक्शन सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) दिलं गेलं. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतातली स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरं ४३ टक्केच होती. मावशीकडेही सिलिंडर आहे. चहा, भाजी, पाहुणे गॅसवर. अंघोळीचं पाणी, भाकरी आणि डाळीचं मोठं भांडं पऱ्हाटीवर. सिलिंडर दोन-अडीच महिने पुरवायचा तर दुसरा मार्ग नाही, आणि भाकरी गॅसवर पांचट लागते हे काकांचं मत. (काकांनी चूल कधी फुंकलेली नाही.)

आणि पेलेट? ते संपले वगैरे अजिबात नाहीत. उलट आज कधी नव्हे इतके बनतात. दिल्लीच्या आसपास जाळल्या जाणाऱ्या पिकांच्या खुंटांचा धूर हा राष्ट्रीय प्रश्न झाला आणि ऑक्टोबर २०२१ च्या धोरणानं औष्णिक वीज केंद्रांना कोळशात पाच टक्के पेलेट मिसळणं सक्तीचं केलं. मुदती पुढे सरकल्या, पण रोख तोच राहिला. कापूस तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्थेनं नागपूरला पऱ्हाटीचे पेलेट करून दाखवलेत. म्हणजे ज्या काडीनं मावशीच्या चुलीत आठ मिनिटं निळी ज्योत दिली, तिचा चांगला पेलेट होतो, हे सिद्ध आहे.

मी कागदावर एक भागाकार केला. ५०० मेगावॉटचं एक युनिट पूर्ण क्षमतेनं चाललं तर दिवसाला सात हजार टनांच्या आसपास कोळसा खातं. त्याचे पाच टक्के म्हणजे ३५० टन पेलेट. मावशीची चूल दिवसाला १.२ किलो खायची. भागाकार दोन लाख नव्वद हजारांवर येतो. एका युनिटच्या एका दिवसाच्या मिसळीत जवळजवळ तीन लाख घरांचा दोन वेळचा स्वयंपाक. देशात विकल्या गेलेल्या सगळ्या ऊर्जा चुली मिळून चार लाख होत्या.

आता त्या युनिटच्या खरेदी अधिकाऱ्यानं टेंडर काढलं आणि ज्योतीबाईंनी महिन्याला दहा पोती मागितली, तर पेलेटवाला ट्रक कुठे वळवेल?

पंखा मात्र वाया गेला नाही. मी निघायच्या दिवशी मावशीनं तो चुलीतून काढून मागितला. पत्र्याच्या नळीत बसवून साध्या मातीच्या चुलीच्या तोंडाशी ठेवलाय, चार्जरवर चालतो. फुंकणी आता कोपऱ्यात असते. बाइंडिंगवाल्यानं म्हणे असाच अजून एक स्वतःच्या घरी केलाय, कॉम्प्युटरच्या जुन्या पंख्याचा.